स्पॉरन की जुना बटवा : ओळख कशी पटवावी?

स्कॉटलंडमधील पुरुषांच्या पारंपरिक पोशाखात किल्टच्या पुढील बाजूस, कमरेच्या खाली लोंबणाऱ्या थैलीस 'स्पॉरन' असे म्हणतात. जुन्या वस्तूंच्या लिलावांत, तसेच अलीकडे महाजालावरील बाजारपेठांत ही थैली वारंवार चुकीच्या नावाने विकली जाते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील स्त्रियांच्या लोकरी वा केसाळ पर्स 'स्कॉटिश स्पॉरन' म्हणून खपविल्या जातात, तर कधी खऱ्याखुऱ्या स्पॉरनला साखळी जोडून त्याची हातपर्स केली जाते. यात ग्राहकाचे पैसे जातात हे तर खरेच. परंतु स्पॉरनच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. त्यावरील केस किंवा कातडे ज्या प्राण्याचे असेल, त्यानुसार ती वस्तू बाळगणे, विकणे अथवा दुसऱ्या देशात नेणे हा गुन्हाही ठरू शकतो. म्हणूनच हातातील वस्तू नेमकी काय आहे, कोणत्या काळातील आहे आणि कशापासून बनलेली आहे, हे तपासण्याची रीत जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रस्तुत अनुवादकाने काही वर्षांपूर्वी एका बातमीत या शब्दासाठी 'कमरेची पर्स' असा प्रतिशब्द योजला होता. शब्दार्थाच्या दृष्टीने तो फारसा चुकीचा नव्हता. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत 'स्पोरान' या शब्दाचा अर्थ थैली किंवा बटवा असाच आहे आणि तो लॅटिनमधील 'बुर्सा' या शब्दावरून आला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंग्रजीतील 'पर्स' या शब्दाचे मूळही तेच. म्हणजे घोटाळ्याची सुरुवात शब्दांच्या कुळापासूनच होते.

या थैलीची गरज का निर्माण झाली, हे मराठी वाचकास समजावून सांगण्यास फार शब्द खर्चावे लागणार नाहीत. किल्टला खिसा नसतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील पुरुष अनेक वार लांबीचे लोकरी वस्त्र चुण्या घालून कमरेस पट्ट्याने बांधीत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. आपल्याकडे धोतर नेसणाऱ्या माणसाने नाणी कनवटीला लावावीत, पानसुपारी चंचीत ठेवावी आणि अधिक रक्कम असल्यास कशात भरून कसा कमरेस बांधावा, त्यातलाच हा प्रकार. डोंगराळ मुलखातील माणसाच्या थैलीत नाणी असत, तसेच प्रवासातील शिधा म्हणून ओटचे पीठही असे. हरणाच्या अथवा वासराच्या कातड्याची, तोंडाशी चामड्याची वादी ओवून आवळलेली साधी पिशवी हे स्पॉरनचे सर्वांत जुने रूप होय. तिच्या वाद्यांच्या टोकांना चामड्याचेच लहान गोंडे असत. पुढे शोभेसाठी आलेल्या गोंड्यांचा उगम याच वाद्यांत आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकाच्या प्रारंभी या पिशवीच्या तोंडावर धातूची अर्धगोलाकार चौकट बसविली जाऊ लागली. तिला 'कँटल' असे म्हणतात. सामान्यतः ती पितळेची असे. श्रीमंत सरदारांच्या स्पॉरनची चौकट चांदीची असे. तिच्यावर वर्तुळांची व गुंफलेल्या रेषांची कोरीव नक्षी आढळते. काही चौकटी उघडण्यासाठी विशिष्ट गुंड्या फिरवाव्या लागत, त्यामुळे ओळख नसलेल्या माणसाच्या हाती थैली लागली तरी ती सहजी उघडत नसे.

या गुप्त कळींचा कळस म्हणावा अशी एक वस्तू एडिंबरो येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पितळ आणि पोलाद यांच्या या चौकटीत चार छोटी पिस्तुले दडविलेली आहेत. कळ न जाणता कोणी थैली उघडू लागल्यास पिस्तुलांचा बार उडावा, अशी ही योजना. सुप्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी ती पाहिली होती आणि १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'रॉब रॉय' या कादंबरीत त्यांनी नायकाच्या कमरेला अशीच पिस्तुलाची थैली लटकाविली. परिणामी, जी जी कातडी गोंडेदार थैली दिसेल ती 'रॉब रॉयच्या धर्तीची' म्हणून विकण्याचा प्रघात पडला. रॉब रॉय मॅक्ग्रेगर ही व्यक्ती १७३४ साली निवर्तली. तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या थैल्या मात्र बहुतांशी विसाव्या शतकातील असतात. फसवणूक असतेच असे नाही. 'रॉब रॉय' हे आता केवळ एका घाटाचे नाव झाले आहे. विक्रेता ते घाट म्हणून सांगतो आणि ग्राहक काळ म्हणून ऐकतो.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. जाणकार मनुष्य अशी थैली हातात घेताच प्रथम उलटी करतो. पुढील बाजू फसवू शकते, मागील बाजू सहसा फसवीत नाही. स्पॉरनची पाठ किल्टच्या लोकरी कापडाला सतत टेकून असते. ती कोणाला दिसत नाही आणि तिच्यावर टोकदार वा उठावदार काही असल्यास कापड फाटण्याची भीती असते. त्यामुळे स्पॉरनचे सर्व अलंकरण पुढील बाजूस असते व पाठ साध्या, सपाट चामड्याची असते. याउलट हातपर्स चालताना झुलते, फिरते व दोन्ही बाजूंनी दिसते. साहजिकच तिच्या दोन्ही बाजू सजविलेल्या असतात. दोन्ही बाजूंना सारखीच केसाळ कातडी किंवा सारखेच मणिकाम असेल, तर ती वस्तू स्पॉरन असण्याची शक्यता फार कमी.

पाठीवरच दुसरी खूण मिळते. स्पॉरन कमरेभोवतीच्या स्वतंत्र पट्ट्याने किंवा साखळीने बांधला जातो आणि हा पट्टा अडकविण्यासाठी पाठीच्या वरील भागात डावी-उजवीकडे चामड्याचे दोन पट्टे, दोन चिरा किंवा धातूच्या दोन कड्या असतात. म्हणजे वजनाचा ताण आडवा, दोन्ही कुशींकडे जातो. हातपर्सचे वजन वर, हाताकडे जाते, म्हणून तिच्या कड्या चौकटीच्या माथ्यावर असतात. तिसरा प्रकार 'शॅटलेन' पर्सचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील स्त्रिया लहान पर्स कमरेच्या पट्ट्याला अडकवीत. आपल्या गृहिणी कमरेस किल्ल्यांचा छल्ला लावतात, तशीच ही पद्धत. अशा पर्सच्या माथ्यावर मधोमध एकच रुंद, चपटा आकडा असतो. ही शॅटलेन पर्स कमरेचीच असल्यामुळे तिचा स्पॉरनशी सर्वाधिक घोटाळा होतो. मात्र आकडा एक की कड्या दोन, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

दीर्घ वापराच्या खुणाही याच न्यायाने वाचाव्यात. जिथे पट्टा ताणला जातो तिथे, म्हणजे पाठीच्या दोन्ही कडांशी, चामडे ताणलेले व काळवंडलेले असावे. लोकरीवर घासून पाठीला एक प्रकारची झिलई आलेली असावी. हातपर्सची झीज तळाच्या कोपऱ्यांवर आणि साखळीच्या सांध्यांशी दिसते. एखाद्या थैलीला साखळी आहे, पण साखळीच्या कड्या नव्या डागाच्या आहेत आणि पाठीवर मात्र दोन कापलेल्या पट्ट्यांचे अवशेष किंवा बुजविलेली छिद्रे आहेत, असे आढळल्यास ती मूळची स्पॉरन असून पुढे कोणीतरी तिची पर्स केली, असे समजण्यास हरकत नाही. किल्ट नेसणारा घरात कोणी उरला नाही, की आजोबांचा स्पॉरन नातीच्या खांद्यावर येतो. हे सर्वस्वी स्वाभाविक आहे. प्रश्न निर्माण होतो तो अशी वस्तू अस्सल जुनी पर्स म्हणून विकली जाते तेव्हा.

थैली उघडून आतही पाहावे. स्पॉरनच्या आत चामडे किंवा जाड सुती कापड असते आणि बहुधा एकच कप्पा असतो. रेशमी वा सॅटिनचे अस्तर, छोटा आरसा, नाण्यांसाठी वेगळी डबी अशी सामग्री असेल तर ती स्त्रियांची पर्स होय. घोड्याच्या किंवा बकरीच्या लांब केसांच्या लष्करी स्पॉरनची गंमत अशी, की बाहेरून ते भले मोठे, गुडघ्यापर्यंत लोंबणारे दिसत असले तरी आत एक छोटासाच खिसा असतो व त्याचे तोंड पाठीकडे असते. समोरून उघडण्याची सोय नाही म्हणून कित्येकजण त्याला भिंतीवर टांगण्याची शोभेची वस्तू समजतात.

या लष्करी स्पॉरनविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण बाजारात येणाऱ्या जुन्या स्पॉरनांपैकी पुष्कळसे याच प्रकारचे असतात. त्यामागे इतिहास आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत स्ट्युअर्ट घराण्याच्या पक्षाचा पराभव झाल्यावर ब्रिटिश संसदेने डोंगराळ भागातील पुरुषांच्या पोशाखावर बंदी घातली. १ ऑगस्ट १७४७ पासून अमलात आलेल्या या कायद्यान्वये पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद आणि दुसऱ्या गुन्ह्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी अशी शिक्षा होती. ही बंदी १७८२ मध्ये उठली. मधल्या पस्तीस वर्षांत हा पोशाख उघडपणे वापरण्याची मुभा होती ती ब्रिटिश सैन्यातील हायलँड पलटणींना. त्यामुळे जो विक्रेता एखादा नागरी स्पॉरन '१७६० चा' म्हणून छातीठोकपणे सांगतो, त्याच्याकडे पुरावा मागितलाच पाहिजे.

महाराष्ट्राच्या इतिहासाशी या पलटणींचा संबंध आला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आताच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी झालेल्या लढाईत आर्थर वेलस्लीच्या सैन्यात ७४ व ७८ क्रमांकांच्या हायलँड पलटणी होत्या. त्याआधी ऑगस्टमध्ये अहमदनगरच्या तटावर शिड्या लावून चढणाऱ्यांतही ७८ वी पलटण होती.

हे क्रमांकच काळ ठरविण्याचे एक साधन आहे. १८८१ साली ब्रिटिश लष्कराची फेररचना झाली, जुने क्रमांक मोडीत निघाले आणि पलटणी एकत्र करून त्यांना नावे देण्यात आली. उदाहरणार्थ, ९१ व ९३ या पलटणी मिळून 'अर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स' ही पलटण झाली. म्हणून स्पॉरनच्या चौकटीवर केवळ क्रमांक असेल तर तो सामान्यतः १८८१ पूर्वीचा आणि नाव असेल तर नंतरचा. गोंड्यांची संख्याही पलटणीनुसार ठरलेली असे. अर्गाइल पलटणीतील सामान्य सैनिकांच्या काळ्या स्पॉरनवर सहा पांढरे गोंडे, तर 'ब्लॅक वॉच' पलटणीच्या पांढऱ्या स्पॉरनवर पाच काळे गोंडे. अर्गाइलच्या अधिकाऱ्यांचा स्पॉरन तर बॅजर या प्राण्याच्या संपूर्ण मुंडक्यासह असे. २००६ मध्ये या सर्व पलटणी 'रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड' मध्ये विलीन झाल्या. नागरी स्पॉरनवर बहुधा तीन गोंडे असतात. स्त्रियांच्या पर्सला गोंडा असलाच तर तो तळाशी मध्यभागी एक, किंवा संपूर्ण कडेला झालर.

पर्स आणि स्पॉरन यांच्यातील खरा गोंधळ माजला तो एकोणिसाव्या शतकात. १८२२ मध्ये राजे चौथे जॉर्ज यांनी एडिंबरोस भेट दिली. या समारंभाचे सूत्रधार वॉल्टर स्कॉटच होते आणि राजे स्वतः किल्ट नेसून मिरविले. ज्या पोशाखासाठी चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत तुरुंग होता, तोच आता दरबारी झाला. पुढे १८५२ साली व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबासाठी बालमोरल येथील मालमत्ता विकत घेण्यात आली आणि स्कॉटिश वस्तूंचे वेड सबंध इंग्लंडभर पसरले. याच काळात स्पॉरन लांबले, केसाळ झाले, त्यांच्यावर चांदीची चौकट व धुरकट पिवळ्या केर्नगॉर्म खड्यांची जडणघडण आली. आणि याच काळात स्पॉरनची नक्कल म्हणून गोंडेदार, केसाळ अशा स्त्रियांच्या पर्सही निघाल्या. त्या बनविणाऱ्यांना कोणाला फसवावयाचे नव्हते. फॅशनची नक्कल जुनी झाली, की तिला मुळाचा मान मिळू लागतो, एवढेच.

चांदीची चौकट असल्यास काम पुष्कळ सोपे होते, कारण ब्रिटनमधील चांदीवरील शिक्के बोलके असतात. एडिंबरोच्या परीक्षागृहाचा शिक्का किल्ल्याचा. त्याच्या जोडीला १७५९ पासून काटेरी 'थिसल' फुलाचा शिक्का असे व १९७५ पासून त्या जागी उभा सिंह आला. ग्लासगोच्या परीक्षागृहाचा शिक्का झाड, पक्षी, घंटा व मासा यांचा होता आणि ते १९६४ मध्ये बंद झाले. नांगराचा शिक्का असल्यास वस्तूची परीक्षा बर्मिंगहॅम येथे झालेली असते. त्यावरून ती स्कॉटिश नाही असे मात्र ठरत नाही, कारण बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून स्कॉटलंडसाठी भरपूर माल बनत असे. शिक्क्यांबरोबर राजाच्या किंवा राणीच्या मस्तकाची छोटी मुद्रा असेल, तर वस्तू १७८४ ते १८९० या दरम्यानची. ही मुद्रा कर भरल्याची खूण होती. 'ईपीएनएस' ही अक्षरे दिसल्यास ती चांदी नव्हे, निकेलच्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने दिलेला मुलामा होय. या पद्धतीचे एकाधिकारपत्र बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये मिळविले. 'कलोडनच्या रणांगणावर सापडलेल्या' स्पॉरनवर ही चार अक्षरे असतील तर पुढे काही बोलण्याची आवश्यकता नाही.

चांदी नसल्यास शिवण व बंद पाहावेत. यंत्राची एकसारखी शिवण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. दाबून लावावयाचे टिचबटण १८८५ नंतरचे. चेन असेल तर वस्तू विसाव्या शतकातील, किंवा चेन तरी नंतर बसविलेली. गोंड्याच्या किंवा अस्तराच्या रंगात भडक जांभळी छटा असल्यास लक्षात ठेवावे, की पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ साली विल्यम पर्किन यांना सापडला. यांपैकी कोणतीही एक खूण निर्णायक मानू नये. दुरुस्ती प्रत्येक शतकात होत असते. परंतु चार खुणा चार वेगवेगळे काळ सांगू लागल्या, तर वस्तू जुळविलेली आहे हे ओळखावे.

स्पॉरनच नव्हे, पण तशाच दिसणाऱ्या आणखी काही थैल्या आहेत. पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपभर पुरुष कमरेच्या पट्ट्याला चौकटीची थैली लावीत. तिच्या माथ्यावर आडवा दांडा व मध्यभागी गोल फिरणारी एकच कडी असते आणि कधी कधी दांड्यावर मेरीमातेच्या प्रार्थनेची लॅटिन अक्षरे काळ्या मिन्याने भरलेली असतात. पितळी कँटलच्या स्पॉरनची ही पूर्वज म्हणता येईल. घोडदळाचा 'सॅबरताश' हाही लोंबता खलिता, परंतु तो तलवारीच्या पट्ट्याला लांब वाद्यांनी टांगलेला, चपटा व डाव्या मांडीशी झुलणारा असतो. भारतातील संग्राहकांना अधिक परिचित वस्तू म्हणजे हिमालयाच्या प्रदेशातील चकमकीची थैली. चामड्याची, पितळ वा चांदीच्या नक्षीची ही थैली कमरेस लावीत व तिच्यात गारगोटी आणि पेटविण्याचा कापूस ठेवीत. तिच्या खालच्या कडेला पोलादाची वक्र पट्टी असते. ही पट्टी दिसताच संशयाला जागा राहत नाही. पाकिस्तानातील सियालकोट शहरात बॅगपाइप, किल्ट व स्पॉरन यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होते आणि ते जगभर जाते. तो माल नवा म्हणून घेण्यात गैर काहीच नाही. जुना म्हणून घेऊ नये, एवढेच.

शेवटी कायद्याचा भाग. स्पॉरनसाठी सील, पाणमांजर, बॅजर अशा प्राण्यांची कातडी पूर्वी सर्रास वापरली जात असे. ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्यानुसार बेकायदा मारलेल्या बॅजरचा कोणताही भाग किंवा त्यापासून केलेली वस्तू बाळगणे गुन्हा आहे. २००७ साली स्कॉटलंडमध्ये नियम कडक करण्यात आले, तेव्हा पाणमांजरासारख्या संरक्षित प्राण्याच्या कातड्याचा स्पॉरन बाळगणाऱ्यांना परवाना लागेल व प्राणी १९९४ पूर्वी कायदेशीररीत्या मारला गेल्याचे दाखवावे लागेल, या वृत्ताने तेथे बरीच खळबळ उडाली होती. सीलपासून बनलेल्या वस्तूंच्या व्यापारावर युरोपीय संघाने २००९ मध्ये निर्बंध घातले. अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षण कायद्यामुळे सीलच्या कातड्याच्या वस्तू आणता येत नाहीत, म्हणून तेथे कार्यक्रमास जाणारे बॅगपाइपवादक सीलचा स्पॉरन घरीच ठेवून निघतात.

भारतात अशी वस्तू आणू इच्छिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की युरोपातील पाणमांजराची जात वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. त्याशिवाय १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. 'ही तर आजीची पर्स आहे' एवढे उत्तर सीमाशुल्क अधिकाऱ्यास पुरेसे वाटणार नाही. विक्रेत्याकडून प्राण्याचे नाव, वस्तूचा अंदाजे काळ व ती पूर्वी कोणाकडे होती याची माहिती लेखी घ्यावी. केस कशाचे हे विक्रेत्यास सांगता येत नसेल, तर घोड्याच्या किंवा बकरीच्या केसांचा, अथवा साध्या गाईच्या चामड्याचा स्पॉरन निवडावा. साखळी जोडून पर्स झालेला जुना स्पॉरन घरात आधीपासून असल्यास ती साखळी घाईने काढू नये, कारण ती ओढताना पाठीवरील मूळ पट्ट्यांच्या खुणाही निघून जातात आणि मग तो स्पॉरन होता हे दाखविण्यास काहीच उरत नाही.